तुळईच्या पोटातलं झाड

मूर्ती दगडात आधीच असते, असं आपण सहज म्हणून जातो. जुझेप्पे पेनोने या इटालियन शिल्पकाराकडे ते शब्दशः खरं आहे. १९६९ पासून तो लाकडी तुळया घेतो, वाढीचं एकच वर्तुळ धरून बाहेरचं लाकूड कोरून काढतो. तुळईतल्या गाठी म्हणजे फांद्यांची बुडं, बरं का! त्या मोकळ्या झाल्या की त्या वयाचं कोवळं झाड उभं राहतं.

आता ॲरिस्टॉटल आठवूया. द्रव्यासाठी त्याचा शब्द ‘हुले’, मूळ अर्थ लाकूडच. मूर्तीला आकार बाहेरून मिळतो, झाडाला आतून, हा त्याचा भेद. इथे छिन्नी बाहेरून चालते खरी. वर्तुळ कोणतं हे पेनोने निवडतो, पण फांदी कुठे हे झाडानंच ठरवलेलं असतं. मग कर्ता कोण? आम्हाला तरी भेद डळमळलेला दिसतो. लंडनच्या टेट संग्रहातल्या १२ मीटरच्या झाडात त्यानं तुळईचा थोडा भाग न कोरता ठेवलाय. आधी तो बघा.