जुनी मोटार घेताना

मलकापूरच्या बाजारपेठेत दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबाला मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शाहूवाडी तालुक्यातील हे गाव कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावर, कोल्हापूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर वसलेले आहे. घाऊक खरेदी, मुलांचे शिक्षण, वडीलधाऱ्यांचे औषधोपचार, कुंभोज-बाहुबलीचे दर्शन, या सर्वांसाठी बांबवड्यावरून पूर्वेकडे जावे लागते. कोकणातील सोयऱ्यांकडे जायचे तर आंबा घाट उतरून साखरप्याच्या पुढे जावे लागते. नवी मोटार घ्यावी तर दुकानाचे खेळते भांडवल अडकते. अशा वेळी जुनी परंतु भरवशाची मोटार घेणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. मात्र त्यासाठी पारख हवी. ती नसल्यास काय घडते, हे आमच्या घराने अनुभवले आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेला महापूर आला. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास आमच्या थोरल्या बंधूंनी एक मोटार घेतली. रंग चकचकीत, आसनांवर नवी आवरणे, आत अत्तराचा सुगंध आणि किंमत बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी कमी. पुढच्या पावसाळ्यात कोल्हापूरहून आईची तपासणी करून परतताना बांबवड्याच्या अलीकडे दिवे आणि वायपर एकाएकी बंद पडले. अंधार दाटत होता, मागून मालमोटारी येत होत्या. बहात्तर वर्षांच्या आईला भर पावसात रस्त्याच्या कडेला उभे राहावे लागले. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून दाखविला. त्याच्या आतल्या टोकाला गाळाची स्पष्ट रेघ होती. तो एवढेच म्हणाला, “अण्णा, ही गाडी पुराचं पाणी पिऊन आलीय.”

धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी असलेला माल पाहून सौदा करीत नाही. हात खोल घालून तळाचे दाणे वर काढतो. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण वरच्या चकाकीवर भाळतो. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापूर-सांगली भागात असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. म्हणून आपल्याकडे पहिली तपासणी पाण्याची असावी. सुरक्षापट्टे पूर्ण ओढून पाहावेत, पायाखालचा गालिचा उचलावा, आसनांच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का ते बघावे. फ्यूजच्या पेटीत माती आणि दिव्यांच्या काचांत ओल आढळल्यास तो सौदा तेथेच सोडावा. किनारपट्टीवर वापरलेल्या मोटारीचा तळ खाऱ्या हवेने गंजलेला असू शकतो. तो खालून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

दुसरी गोष्ट हिशेबाची. हातात तीन लाख रुपये असतील तर तीन लाखांची मोटार घेऊ नये. अडीच लाखांच्या आसपासची घ्यावी आणि उरलेली रक्कम टायर, बॅटरी, ब्रेक, तेलबदल, विमा व नावांतरासाठी राखून ठेवावी. टायरच्या कडेवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर सहा-सात वर्षांचे झाले असतील तर वरून चांगले दिसले तरी त्यांचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे विक्रेता जुन्या दराच्या आधारे किंमत सांगत असल्यास, त्याच मोटारीची आजची नवी किंमत आधी विचारून घ्यावी.

वर्षाची निवडही विचारपूर्वक करावी. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासमोर एअरबॅग बंधनकारक झाली. चाके न अडकू देणारी एबीएस ब्रेकव्यवस्थाही त्याच वर्षी सक्तीची झाली. त्यानंतर तयार झालेली मोटार परवडत असेल तर तिला प्राधान्य द्यावे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्याला वाढीव शुल्क व पर्यावरण कर लागतो. चौदा वर्षांची मोटार स्वस्त का मिळते, याचे एक कारण यात आहे.

रोजचा प्रवास थोडा असेल तर पेट्रोलची लहान मोटार सोयीची. वॅगन-आर, सँट्रो, आय-टेन यांसारख्या मोटारींचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात आणि त्यांचे काम जाणणारे मिस्त्री सर्वत्र आहेत. सीएनजीची मोटार खर्चाला हलकी. परंतु टाकीमुळे सामानाची जागा जाते, घाटात जोर कमी पडतो आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. आराम म्हणजे केवळ मऊ गादी नव्हे. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला सोबत नेऊन दोन वेळा बसवावे व उतरवावे. दुखऱ्या गुडघ्यांना उंच आसन आणि रुंद उघडणारे दार किती महत्त्वाचे आहे, हे तेव्हाच कळते. पावसात काचेवर धुके धरते, म्हणून वातानुकूलन नीट चालते की नाही, हेही पाहावे.

परीक्षण सकाळी, इंजिन थंड असताना करावे. आपण जाण्यापूर्वी ते सुरू करू नये, असे आधी सांगावे. सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल जाळते आहे असे समजावे. मोटार चढावर नेऊन अर्ध्या वाटेत थांबवावी आणि पुन्हा हलवून पाहावी. क्लचची अवस्था तेथे लपत नाही. किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो, म्हणून तो दुरुस्ती केंद्राच्या जुन्या पावत्यांशी ताडून पाहावा. पायपेटींचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल आणि आकडा तीस हजार दाखवीत असेल, तर दोहोंपैकी एक खोटे आहे. सौद्याशी संबंध नसलेल्या मिस्त्रीला त्याचा मोबदला देऊन सोबत न्यावे. हजार रुपयांचा हा खर्च लाखाचे नुकसान टाळतो.

शेवटी कागदपत्रे. नोंदणीपत्रावरील नाव विक्रेत्याचेच आहे का, चेसिस व इंजिन क्रमांक जुळतात का, कर्जाचा बोजा व दंडाची थकबाकी आहे का, हे एम-परिवहन ॲपवर व प्रत्यक्ष पाहावे. कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ घ्यावा. नावांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. विकणाऱ्यानेही येथे दक्ष राहिले पाहिजे. नावांतर झाले नाही तर अपघातानंतरच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावे करून घ्यावा. ‘नो क्लेम’ची सवलत मोटारीबरोबर येत नाही, ती जुन्या मालकाकडेच राहते. रक्कम बँकेमार्फतच द्यावी. एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, हे व्यापाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

आमच्या बंधूंच्या त्या मोटारीचे पुढे काय झाले? पुन्हा रंगरंगोटी करून ती दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा सल्ला अनेकांनी दिला. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहाराची गणना आहे; अस्सल वस्तूसारखी दिसणारी हलकी वस्तू देणे हाही त्या व्रताचा भंग आहे. दुकानात आपण हे पाळतो, मग दारातल्या मोटारीला वेगळा न्याय कसा लावणार? बंधूंनी सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला पुराची हकीकत सांगून ती विकली आणि एक लाख दहा हजारांचे नुकसान सोसले. नंतरची मोटार त्यांनी वर सांगितल्याप्रमाणे पारखून घेतली. तिचा रंग फिका आहे, दारावर एक पोचाही आहे. पण मागच्या पावसाळ्यात आईला तपासणीसाठी पाच वेळा नेले-आणले आणि पाचही वेळा आई दिवेलागणीच्या आत घरी होती.