नौकेतील तारा आणि आग

हैदराबादला समुद्राचा वारा लागत नाही. तरी कोकणच्या किनाऱ्यावरील तांडेलाला जाळे कोठे टाकावे, याची सूचना याच शहरातून मिळते. तेथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहांनी टिपलेले समुद्रपृष्ठाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य यांवरून मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे ते कळविते. लाटांचा अंदाजही देते. समुद्राची अवस्था अशी शेकडो मैलांवरून सांगता येते. नौकेच्या फळीमागे दडलेल्या तारेची अवस्था मात्र फळी काढून पाहणाऱ्यालाच कळते.

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे अलिबागजवळ आक्षीच्या समुद्रात एका मासेमारी नौकेला आग लागली. सुदैवाने सर्व खलाशी वाचले. नौका व जाळी मात्र बहुतांशी जळून गेली. शॉर्ट सर्किट हे आगीचे कारण असावे, असा प्राथमिक अंदाज त्या वेळी व्यक्त झाला.

नौकेवरील दिवे व यंत्रे बहुधा १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. या विजेचा घरातल्यासारखा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी असा समज रूढ आहे, आणि तोच घातक आहे. तार तापते ती दाबाने नव्हे, प्रवाहाने. १२० वॅटचा दिवा घरी २४० व्होल्टवर अर्धा अँपिअर प्रवाह घेतो. तोच प्रकाश १२ व्होल्टवर मिळवावयाचा तर १० अँपिअर लागतात. प्रवाह वीसपट झाला, की त्याच तारेत उष्णता चारशेपट होते. म्हणून घरगुती बारीक तार नौकेत वापरणे ही काटकसर नव्हे.

त्यात खारे पाणी आणि इंजिनाची अखंड थरथर. दोन तारांना पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळली, की काम झाले असे वाटते. पण पट्टीखाली ओल शिरते, तांबे हिरवे पडते, सांधा सैल होतो. अशा सांध्याचा रोध ओहमचा दहावा भाग जरी झाला, तरी १० अँपिअर प्रवाहाने हरभऱ्याएवढ्या जागेत १० वॅट उष्णता साठू लागते. शेजारी डिझेलचा ओशटपणा आणि नायलॉनची जाळी असतेच. येथे फ्यूजही उपयोगी पडत नाही, कारण प्रवाह नेहमीइतकाच असतो. दिवे अर्धा तास चालू ठेवून, मग ते बंद करून प्रत्येक सांध्याला हात लावून पाहावा. एखादा गरम लागला, तर तो कापून नवा करावा. पावसाळी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेली असते, तेव्हा हे काम निवांतपणे होते.

फ्यूजचे काम निराळे. कातलेली तार दुसरीला भिडली, तर तो प्रवाह तोडतो. तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. दूर बसविल्यास मधली तार असंरक्षित राहते. वितळलेल्या फ्यूजऐवजी जाड तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला बांधून ठेवणे होय. नवीन यंत्र आले, की जुन्याच तारेला फाटा काढण्याची सवयही अशीच. त्याला स्वतंत्र तार व स्वतंत्र फ्यूज हवा. कलई केलेल्या, अनेक पदरी तांब्याच्या तारा खाऱ्या हवेत अधिक टिकतात. तार फळीतून जाते तेथे रबराचे कडे असावे.

आग लागलीच, तर पाणी ओतण्याआधी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा आणि कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे. तो स्विच अंधारातही हाताला लागेल अशा जागी असावा. पुष्कळ नौकांवर तो जाळ्यांच्या ढिगामागे असतो.