देवगांडूळ समुद्र पोहून गेले नाही

रहिमतपूरच्या शिवारात विहीर खणायला घेतली की आधी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. तो वाहत होता तेव्हा हिमालय नव्हता. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता आणि स्वतःच एक बेट बनून उत्तरेकडे सरकत होता. एवढे ध्यानात घेतले तरी खंडांना जोडणाऱ्या भूसेतूंविषयीचे निम्मे गैरसमज गळून पडतात.

गैरसमज : भारत आणि आफ्रिकेच्या मध्ये एक खंड होता, तो समुद्रात बुडाला.

या खंडाला लेमुरिया हे नाव दिले इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ फिलिप स्क्लेटर यांनी, 1864 साली. लेमूर मादागास्करात आणि त्यांचे भाऊबंद लोरिस भारतात, मग मधे जमीन असलीच पाहिजे, असा त्यांचा तर्क. त्या काळी तो वेडगळ नव्हता. खंड जागचे हलत नाहीत, हे सगळ्यांनीच गृहीत धरले होते. आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 मध्ये खंड सरकतात असे सांगितले तेव्हा त्यांची थट्टा झाली. 1960 च्या दशकात समुद्रतळाचे पुरावे आले तेव्हा कुठे ते मान्य झाले.

खंड बुडत का नाही, याचे उत्तर आपल्याच सातारा जिल्ह्यात मिळते. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठणे येथे 3 किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले. हजार-बाराशे मीटर काळा खडक संपल्यावर खाली ग्रॅनाइटी खडक लागला. खंडांचा पाया असा हलक्या खडकाचा असतो, समुद्रतळ जड बेसाल्टचा. लाकडाचा ओंडका पाण्यावर तरंगावा तसा खंड खालच्या जड थरावर तरतो. कडेचा भाग पाण्याखाली जाऊ शकतो, पण अख्खा खंड हजारो मीटर खोल जाऊन गडप होत नाही.

गैरसमज : मग सह्याद्रीतल्या प्राण्यांचे नातलग सेशेल्समध्ये पोहोचले कसे? सेतूवरूनच!

पाटण तालुक्यातल्या हुंबरळीचे देवगांडूळ घ्या. दिसायला गांडुळासारखे, पण कणा असलेले, बेडकाचे दूरचे नातलग असे हे बिनपायाचे उभयचर. वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये ‘इंडोटिफ्लस महाराष्ट्राएन्सिस’ या नावाने त्याची नोंद केली. याचे जवळचे नातलग सेशेल्स बेटांवर आहेत. केरळात 2003 मध्ये नोंदवलेल्या जांभळ्या बेडकाचे नातलगही तिथलेच.

हे प्राणी कुठे गेले नाहीत, जमीनच दुभंगली. भारतापासून मादागास्कर सुमारे 8.8 कोटी वर्षांपूर्वी सुटले आणि सेशेल्स सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे आपला कातळ तयार होण्याच्या सुमारास. सेशेल्सच्या मुख्य बेटांचा ग्रॅनाइट हा त्याच जुन्या खंडाचा तुकडा.

इथे कुणी विचारेल, लाव्ह्यात देवगांडूळ वाचले कसे? लाव्हा एकसलग आला नाही. दोन उद्रेकांमध्ये तळी साचत, झाडे उगवत. मुंबईत वरळीच्या टेकडीवर लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले. शिवाय दक्षिणेकडचा मोठा मुलूख लाव्ह्याखाली गेलाच नव्हता.

गैरसमज : म्हणजे भूसेतू ही निव्वळ थाप.

हे दुसरे टोक झाले. गेल्या हिमयुगात पाणी बर्फात अडकून समुद्राची पातळी सुमारे 120 मीटर खाली गेली होती. तेव्हा सायबेरिया आणि अलास्का यांच्यामध्ये शेकडो किलोमीटर रुंदीचा गवताळ प्रदेश उघडा पडला. तो पूल नव्हे, मुलूखच. त्याच्याही आधी, अशाच उघड्या पडलेल्या जमिनीवरून उत्तर अमेरिकेत उपजलेले घोडे आणि उंट आशियात आले. मराठ्यांच्या भीमथडी तट्टांचे आदिपूर्वज त्याच वाटेचे, ही गंमत इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. भारत आणि श्रीलंका यांच्यातला उथळ समुद्रही असाच वारंवार कोरडा पडला.

आणि लेमूर? त्यांना ना सेतू मिळाला, ना दुभंगलेली जमीन. मादागास्कर सुटल्यानंतर कोट्यवधी वर्षांनी ते तिथे पोहोचले. पुरात वाहून आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावर बसून, आफ्रिकेकडून सुमारे 400 किलोमीटर समुद्र ओलांडून, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अविश्वसनीय वाटते खरे. पण 1995 मध्ये चक्रीवादळानंतर कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटावर ओंडक्यांवरून इग्वाना सरडे उतरलेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले. तेव्हा प्रत्येक प्राण्याची वाट वेगळी तपासावी लागते. एकच उत्तर सगळ्यांना लावले, तिथेच स्क्लेटर चुकले.

पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात दगड उलटवताना ओल्या मातीत देवगांडूळ दिसले, तर साप समजून ठेचू नका. ते माणसाला निरुपद्रवी आहे.