पाटीवरची अक्षरे आणि हातातली विद्या

शिरूर तालुक्यात भीमेच्या काठी वसलेल्या वडगाव रासाईसारख्या गावात आपण राहत असाल, तर रात्री-अपरात्री तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन ज्या डॉक्टरांचे दार आपण ठोठावता, त्यांच्या पाटीवर पुष्कळदा ‘बी.ए.एम.एस.’ ही अक्षरे असतात. नदीपलीकडच्या दौंड तालुक्यातील गावांतही चित्र फारसे निराळे नाही. उसाच्या फडात कोयत्याने कापलेले बोट, बाळंतिणीचा ताप, आजोबांचा अचानक वाढलेला रक्तदाब यांची पहिली दखल घेणारे हात बहुतेक वेळा आयुर्वेद पदवीधराचेच असतात. २०१४ पासून राज्यभर धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांत रुग्णाशेजारी बसणाऱ्या डॉक्टरांतही हेच पदवीधर मोठ्या संख्येने आहेत.

असे असूनही त्यांच्याविषयी आपल्या घरांत दोन ठोकळेबाज समजुती मुक्काम ठोकून आहेत. पहिली अशी, की हे ‘छोटे डॉक्टर’, एम.बी.बी.एस. हुकले म्हणून इकडे आलेले. दुसरी तिच्या अगदी उलट: आयुर्वेदाचे म्हणजे निर्धोकच, तेथे काही विचारण्याचे कारण नाही. पहिल्या समजुतीमुळे आपण वेळेवर मिळालेला योग्य सल्ला डावलतो. दुसरीमुळे विचारायलाच हवेत असे प्रश्न विचारीत नाही. नुकसान दोन्हींकडून रुग्णाचेच होते. आणि हाच डॉक्टर शस्त्रक्रियेच्या खोलीत शल्यचिकित्सक म्हणून उभा राहिला, की या समजुतींची धार अधिकच वाढते.

शल्यतंत्राची वाट

ही वाट कशी आहे, ते प्रथम समजून घेऊ. बारावीनंतर एम.बी.बी.एस.साठी जी ‘नीट’ परीक्षा द्यावी लागते, तीच आज आयुर्वेद पदवीच्या प्रवेशासाठीही द्यावी लागते. साडेचार वर्षांचे शिक्षण आणि एक वर्षाची आंतरवासिता, हा काळही दोन्हीकडे सारखाच. आयुर्वेदाचा विद्यार्थी रचनाशारीर या विषयात शवविच्छेदन करतो, तसेच आधुनिक निदानपद्धतींचाही परिचय करून घेतो. महाराष्ट्रात तर या दोन्ही शाखांच्या बहुतेक पदव्यांवर एकाच विद्यापीठाची मुद्रा असते, ती म्हणजे १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

पदवीनंतर खरी चढण सुरू होते. पदव्युत्तर प्रवेशासाठी आयुष शाखांची स्वतंत्र अखिल भारतीय परीक्षा आहे. शल्यतंत्र, नेत्र-कर्ण-नासा-मुखरोगांचे शालाक्यतंत्र, प्रसूतितंत्र व स्त्रीरोग या विषयांच्या जागा मोजक्या आणि इच्छुक अनेक. ज्याला जागा मिळते, तो तीन वर्षे आयुर्वेद महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात शिकून ‘एम.एस. (आयुर्वेद)’ होतो. पुण्यापुरते बोलायचे, तर १९३३ मध्ये स्थापन झालेले टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि रास्ता पेठेतील ताराचंद रुग्णालय ही नावे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या परिचयाची असतील.

अठ्ठावन्न शस्त्रक्रिया आणि एक संप

नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेने पदव्युत्तर आयुर्वेद शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती केली. शल्य आणि शालाक्य या शाखांच्या विद्यार्थ्यांना ज्या शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण द्यावयाचे, त्या ५८ शस्त्रक्रियांची नावे त्या अधिसूचनेत दिली गेली: शल्यातील ३९ आणि शालाक्यातील १९. मूळव्याध, भगंदर, अंतर्गळ, अपेंडिक्स, पित्ताशय, मोतीबिंदू अशी ओळखीची नावे त्यांत होती. हा अधिकार नवा नसून पूर्वीच्या नियमांचे स्पष्टीकरण आहे, असे आयुष मंत्रालयाने सांगितले. इंडियन मेडिकल असोसिएशनने मात्र याला ‘मिक्सोपथी’ म्हणून विरोध केला आणि ११ डिसेंबर २०२० रोजी तातडीच्या सेवा वगळून देशभर काम बंद ठेवले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे शांतपणे ऐकण्यासारखे आहे. आयुर्वेद शल्यचिकित्सकांचे म्हणणे असे, की सुश्रुताची परंपरा आमची आहे, शिक्षण आम्ही रीतसर घेतले आहे, आणि ग्रामीण भागात शस्त्रक्रियेसाठी माणसे मिळत नाहीत. विरोधकांचे म्हणणे असे, की शस्त्रक्रिया म्हणजे केवळ छेद घेणे आणि टाके घालणे नव्हे. भूल देणे, जंतुसंसर्ग रोखणे, ऐनवेळी रक्तस्राव वाढला तर सावरणे, हे सारे शेकडो रुग्णांवर देखरेखीखाली काम केल्याविना येत नाही. आयुर्वेद रुग्णालयांत तेवढे रुग्ण आणि तेवढी देखरेख मिळते काय? हा प्रश्न द्वेषातून आला म्हणून टाळता येत नाही. रुग्णाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

परंपरेच्या अभिमानाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती आपल्या पुण्याजवळच घडलेली आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात इंग्रज सैन्याकडे बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक शत्रूने कापले. पुण्याजवळ एका कुंभार जातीच्या कारागिराने कपाळावरील त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याची हकिकत चित्रासह छापून आली. ती वाचून प्रेरित झालेल्या जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्या कारागिराकडे कोणतीही पदवी नव्हती. परदेशी वैद्यकाने त्याची विद्या मानली, कारण शस्त्रक्रिया पाहणारे साक्षीदार होते, कृती नोंदली गेली होती आणि दुसऱ्याला ती करून पाहता आली. मान मिळण्याची ही रीत आजही बदललेली नाही.

अमेरिकेतील ऑस्टिओपथी

असाच वाद अमेरिकेत शंभर वर्षांहून अधिक काळ चालला. अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरांनी १८९२ मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपथीचे पहिले महाविद्यालय काढले. हाडे, स्नायू आणि सांधे यांच्या रचनेवर हातांनी उपचार करणे हा त्या पद्धतीचा पाया. प्रस्थापित डॉक्टरांच्या संघटनेने तिला दीर्घकाळ भोंदू पंथात जमा केले. टीका सर्वस्वी निराधार नव्हती. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी वैद्यकीय शिक्षणाचा जो प्रसिद्ध अहवाल दिला, त्यात ऑस्टिओपथीच्या शाळांवरही कठोर ताशेरे होते. पुढील दशकांत या महाविद्यालयांनी आपला अभ्यासक्रम आमूलाग्र बदलला. औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र असे सारे आधुनिक विषय त्यांनी स्वीकारले आणि हस्तोपचार ही जोडविद्या म्हणून कायम ठेवली.

तरीही शिक्का पुसला गेला नाही. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात एक विलक्षण प्रकार घडला. दोन हजारांहून अधिक ऑस्टिओपथिक डॉक्टरांना ६५ डॉलर भरून ‘डी.ओ.’ऐवजी ‘एम.डी.’ ही अक्षरे घेण्याची मुभा मिळाली. हात तेच, ज्ञान तेच, रुग्णही तेच. बदलली ती फक्त पाटी. तेव्हा त्या अक्षरांवर उभा असलेला भेद किती खरा होता, हा प्रश्न उरलाच. १९६६ मध्ये अमेरिकी सैन्याने या डॉक्टरांना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेण्यास सुरुवात केली. पुढे प्रस्थापितांच्या संघटनेनेही त्यांना सदस्यत्व खुले केले.

विशेषज्ञतेच्या शिक्षणात मात्र दोन निराळे दरवाजे बराच काळ राहिले. २०१५ ते २०२० या काळात पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या दोन्ही व्यवस्था एका मान्यता-मंडळाखाली आल्या आणि एकाच कसोटीने तपासल्या जाऊ लागल्या. डी.ओ. विद्यार्थ्यांची स्वतःची परवाना परीक्षा आहे. तरी त्यांतील अनेकजण तुलना सोपी व्हावी म्हणून एम.डी.ची परीक्षाही देतात. मेंदूची शस्त्रक्रिया, प्लास्टिक सर्जरी, त्वचारोग अशा चढाओढीच्या शाखांत त्यांचे प्रमाण अजून कमी आहे, पण दार बंद नाही. शॉन कॉन्ली आणि केव्हिन ओ’कॉनर हे लागोपाठच्या दोन राष्ट्राध्यक्षांचे वैद्य डी.ओ. होते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. अमेरिकेतील ‘डी.ओ.’ हा सर्वाधिकार असलेला डॉक्टर असतो; अन्य अनेक देशांत ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणजे केवळ हस्तोपचार करणारी व्यक्ती. नाव सारखे म्हणून योग्यता सारखी मानू नये. शिवाय आयुर्वेदाचा प्रश्न तंतोतंत तसा नाही. ऑस्टिओपथीने आधुनिक वैद्यक जवळजवळ संपूर्ण स्वीकारले. आयुर्वेदाला स्वतःचे निदानशास्त्र आणि औषधशास्त्र राखायचे आहे. अमेरिकेचा धडा म्हणून एवढाच घ्यावा, की शिक्का सरकारी आदेशाने पुसला जात नाही. तो एकाच कसोटीवर, सर्वांसमक्ष उतरल्याने हळूहळू पुसट होतो.

धाग्याची कसोटी

अशी कसोटी आयुर्वेदाने एका क्षेत्रात दिलेली आहे. भगंदर हा चिवट आणि लाजेपोटी लपविला जाणारा आजार. त्यावर प्राचीन ग्रंथांत सांगितलेला क्षारसूत्राचा उपचार गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा प्रचारात आणला. दोऱ्याला थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकूण २१ थर देऊन तो वाळवतात. भगंदराच्या नळीतून तो ओवून बांधतात व साधारण आठवड्याने बदलतात. दोरा नळी हळूहळू कापत जातो आणि मागची जखम भरत येते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने या उपचाराची नेहमीच्या शस्त्रक्रियेशी तुलना अनेक केंद्रांत केली. पाचशेच्या आसपास रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की क्षारसूत्राने बरे होण्यास अधिक काळ लागतो, परंतु आजार उलटण्याचे प्रमाण कमी राहते. या निष्कर्षात गुण आहे आणि मर्यादाही. म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो. ‘आमच्या धाग्याने सगळे बरे होतात’ असा दावा कोणी केला असता, तर आधुनिक शल्यचिकित्सकांनी त्याकडे वळूनही पाहिले नसते. अठ्ठावन्नपैकी प्रत्येक शस्त्रक्रियेची अशी नोंद आणि तुलना समोर आली, तर वाद आपोआप मवाळ होईल. जेथे ती नाही, तेथे शंका घेण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

आपल्या कुटुंबाने काय विचारावे?

शस्त्रक्रिया सुचविणाऱ्या कोणत्याही डॉक्टरांना, मग ते एम.एस. असोत वा एम.एस. (आयुर्वेद), पुढील प्रश्न नम्रपणे विचारावेत. जाणकार डॉक्टरांना त्यांचा राग येत नाही.

१. आपली नोंदणी कोठे आहे? आयुर्वेद पदवीधरांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, तर एम.बी.बी.एस. व त्यापुढील डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला असावा.

२. आपले पदव्युत्तर शिक्षण कोणत्या विषयात झाले आहे? पदवी कोणत्याही शाखेची असो, केवळ पदवी शस्त्रक्रियेस पुरेशी नाही.

३. ही विशिष्ट शस्त्रक्रिया आपण किती वेळा केली आहे आणि त्रास उद्भवला तो कशा स्वरूपाचा?

४. भूल कोण देणार? भूलतज्ज्ञ शस्त्रक्रिया संपेपर्यंत उपस्थित राहणार का?

५. रक्त लागले किंवा प्रकृती बिघडली, तर रुग्णाला कोठे हलवणार आणि किती वेळात? भीमाकाठच्या गावातून पुण्यापर्यंतचे अंतर पाहता हा प्रश्न कधीही टाळू नये.

६. संमतिपत्र मराठीत आहे का? सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचून घ्यावे.

आणखी एक सूचना मूळव्याधीच्या निमित्ताने. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरू नये. विशेषतः चाळिशीनंतर, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल, तर प्रथम तपासणी करून आतड्याचा कर्करोग नाही याची खात्री करून घ्यावी. रस्त्याकडेला ‘एका दिवसात मूळव्याध मुळासकट’ अशी पाटी लावून बसलेल्या माणसाचा आयुर्वेदाशी काहीही संबंध नसतो. त्याच्यामुळे रीतसर शिकलेल्या वैद्यांची प्रतिष्ठा मात्र खालावते.

निकालाच्या दिवशी

‘नीट’चा निकाल लागतो, तेव्हा अनेक घरांत आयुर्वेदाचा प्रवेश मिळालेल्या मुलीला अभिनंदनाऐवजी सांत्वन मिळते. ‘पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न कर,’ हे वाक्य ती प्रवेशाच्या आधीच ऐकते आणि आपण दुय्यम आहोत हे मनावर कोरून घेते. असे मन घेऊन शिकलेला डॉक्टर पुढे दोनपैकी एक करतो: स्वतःची विद्या लपवून दुसऱ्या शाखेची नक्कल करतो, किंवा न्यूनगंड झाकण्यासाठी आपल्या शाखेविषयी अवास्तव दावे करतो. दोन्ही रुग्णास घातक आहेत.

त्याऐवजी त्या मुलीस सांगावे, की तुझ्या विषयात नीट शीक, शल्यतंत्राची ओढ असेल तर त्या स्पर्धेत उतर, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेव, आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण वेळेवर पुढे पाठविण्यात कमीपणा मानू नकोस. उद्या ती वडगाव रासाईत किंवा तशाच एखाद्या गावात पाटी लावील, तेव्हा त्या पाटीवरील अक्षरांपेक्षा तिच्या वहीतील नोंदी तिची योग्यता अधिक खरेपणाने सांगतील. त्या नोंदी विचारण्याचा हक्क आपला आहे, आणि त्या चांगल्या निघाल्या तर निःशंकपणे विश्वास टाकणे हे आपले कर्तव्यही आहे.