एक लाख कोटी डेटाबेस, तीन-चार माणसं

व्हॉट्सॲपवर शाळेच्या ग्रुपमधला कालचा निरोप असो, नाहीतर तीन वर्षांपूर्वी कुणी पाठवलेला पत्ता असो, शोधला की क्षणात सापडतो. हे सगळे निरोप फोनमध्येच एका फाइलीत मांडून ठेवलेले असतात. त्या फाइलीची देखभाल व्हॉट्सॲपनं एसक्यूलाइट नावाच्या चिमुकल्या डेटाबेसवर सोपवली आहे. क्रोम आणि फायरफॉक्सची हिस्ट्री, फोनमधले कॉन्टॅक्ट, अनेक ॲपच्या आतल्या नोंदी, सगळीकडे हाच डेटाबेस. एकेका अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइटच्या शेकडो फाइली असतात. जगभर आज वापरात असलेल्या अशा डेटाबेसची संख्या, ते बनवणाऱ्यांच्याच अंदाजानुसार, एक लाख कोटींच्या वर आहे.

एकावर बारा शून्यं. पृथ्वीवरची माणसं साधारण ८०० कोटी धरली, तर आजच जन्मलेल्या बाळासकट माणशी सव्वाशे डेटाबेस झाले. सेकंदाला एक या वेगानं न थांबता मोजत बसलं, तर ३१ हजार वर्षंही पुरणार नाहीत. आणि हे सॉफ्टवेअर सांभाळणारी मुख्य माणसं किती? तीन-चार.

त्यातले मूळ पुरुष रिचर्ड हिप. २००० साली ते अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. नौकेचं नुकसान झालं तर पुढे काय करायचं, हे ठरवायला ते मदत करणार होतं. त्याची माहिती मात्र एका मोठ्या डेटाबेस सर्व्हरवर होती. सर्व्हर बंद पडला की ऐन वेळी सॉफ्टवेअरही बंद. हिप यांनी मग सर्व्हरच लागणार नाही असा डेटाबेस लिहिला आणि त्यावरचा हक्कही सोडून दिला. एसक्यूलाइट कुणाच्याच मालकीचं नाही. कुणीही घ्यावं, बदलावं, विकावं, परवानगी विचारायची गरज नाही. २०२३ च्या मोजणीनुसार त्याचा मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचा होता, आणि तो नीट चालतो की नाही हे तपासणारा कोड ९ कोटी २० लाख ओळींचा. एका ओळीमागे ५९० ओळी निव्वळ तपासणीच्या. एवढी काळजी घेतलेल्या वस्तू जगात फार थोड्या आहेत. २०५० सालापर्यंत ते सांभाळायचं, असा या मंडळींचा जाहीर संकल्प आहे.

एसक्यूलाइट हा अपवाद असता तर कौतुक करून पुढे जाता आलं असतं. तो अपवाद नाही. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९६ मध्ये चलनांचे दर इंटरनेटवरून आपोआप आणण्यासाठी एका छोट्या प्रोग्रॅमवर काम सुरू केलं. मार्च १९९८ पासून तो कर्ल या नावानं ओळखला जातो. फोन, टीव्ही, मोटारी, प्रिंटर, जे जे यंत्र इंटरनेटवरून काही आणतं किंवा पाठवतं, त्यात तो बहुधा बसलेला असतो. स्टेनबर्ग यांच्या अंदाजानुसार कर्ल सुमारे २,००० कोटी ठिकाणी आहे. जगातल्या माणसांपेक्षा अडीच पट.

नारिंगी शंकूचं चित्र असलेला व्हीएलसी तर बहुतेकांच्या ओळखीचा. लग्नाची सीडी असो की पेन ड्राइव्हवरचा सिनेमा, कुठल्याच प्लेअरवर चालली नाही की व्हीएलसीवर चालते. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचा हा १९९६ चा प्रकल्प. २००१ मध्ये त्यांनी तो जीपीएल परवान्याखाली खुला केला. म्हणजे कोड कुणीही वाचावा, सुधारावा आणि पुढे द्यावा, मात्र पुढे देताना तीच मोकळीक पुढच्यालाही द्यावी. जानेवारी २०२५ मध्ये व्हीएलसीच्या डाउनलोडचा आकडा ६०० कोटींवर गेला. त्यात एकही जाहिरात नाही. जाहिराती घालण्यासाठी कोट्यवधी युरोंचे देकार आले, आणि प्रकल्पाची धुरा वाहणाऱ्या जाँ-बाप्तिस्त केम्फ यांनी ते नाकारले. २०२२ मध्ये भारतात त्यांची वेबसाइट काही महिने बंद करण्यात आली होती. नोव्हेंबरात ती पुन्हा सुरू झाली.

आता लिनक्स. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं जाहीर केलं, की तो हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहे आणि ती फार मोठी वगैरे होणार नाही. त्याच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे १० हजार ओळी होत्या. २०२५ च्या सुरुवातीला लिनक्सच्या गाभ्यानं ४ कोटी ओळींचा टप्पा ओलांडला. त्यात भर घालणाऱ्यांची संख्या २०२० मध्येच २० हजारांच्या पुढे गेली होती. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले झाडून सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात. जून २०२३ च्या यादीत ७५ व्या क्रमांकावर आलेला पुण्याच्या सी-डॅकमधला ‘ऐरावत’ही त्यातलाच. मंगळावर ७२ वेळा उडालेलं नासाचं इंजेन्युइटी हेलिकॉप्टर लिनक्सवर उडालं. आणि तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्या गाभ्यावरच उभा आहे. वापरात असलेल्या अँड्रॉइड उपकरणांचा गूगलनं २०२१ मध्ये दिलेला आकडा ३०० कोटींचा होता.

हा झाला नुसता गाभा. त्याभोवती ब्राउझर, ऑफिस, फोटो, गाणी, छपाई असं सगळं रचून जी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम तयार होते, तिचा एक जुना आणि जगन्मान्य नमुना म्हणजे डेबियन. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची तेरावी आवृत्ती आली. तीत ६९,८०० हून जास्त पॅकेजेस आहेत आणि सगळ्यांचा मिळून कोड १४६ कोटी ओळींचा. पानाला ५० ओळी धरून छापायचा म्हटला, तर ५०० पानांचे ५८ हजार ग्रंथ होतील. सेकंदाला एक ओळ वाचायची ठरवली, तर झोपेशिवाय ४६ वर्षं लागतील. हे सगळं जगभर पसरलेले स्वयंसेवक एकत्र बांधतात आणि कुणालाही विनामूल्य देतात. मला या आकड्यापुढे दरवेळी थबकायला होतं. माणसांनी एकमेकांसाठी, न सांगता, एवढं लिहून ठेवलं आहे.

त्यातल्या एका कामाचा आपल्याशी अगदी अक्षराचा संबंध आहे. ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. संगणक तो सात खुणांच्या रांगेत साठवतो: म, काना, र, हलन्त, म, ऱ्हस्व वेलांटी, क. ही रांग जशीच्या तशी पडद्यावर काढली तर वाचताच येणार नाही. र पुढच्या म वर रफार होऊन चढायला हवा, म नंतर साठवलेली वेलांटी उडी मारून म च्या आधी यायला हवी, आणि रफार तिच्याशी भांडता कामा नये. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक तर खास मराठी माणसाचा. एकीकडे रफार, दुसरीकडे आडवा र. या सगळ्या उड्या आणि चढण्या करून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे हार्फबझ. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद एस्फहबोद हे त्याचे मुख्य शिल्पकार. क्रोम, फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड या सगळ्यांत हार्फबझ आहे. म्हणजे फोनवर मराठी बातमी वाचली किंवा आजीला ‘पोचलो’ एवढं लिहून पाठवलं, तरी ती अक्षरं बहुतेक वेळा या एकाच मुक्त प्रकल्पानं जुळवलेली असतात. जगभरच्या लिनक्समध्ये वर्षानुवर्षं देवनागरी दाखवणारा लोहित हा फॉन्ट रेड हॅट या कंपनीनं मुक्त केला, आणि त्याची देखभाल पुण्यात बसून झाली. मराठीचा अभिमान मिरवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

एवढा डोलारा किती कमी खांद्यांवर आहे, ते मार्च २०२४ मध्ये कळलं. एक्सझेड नावाचं एक साधं सॉफ्टवेअर आहे. फाइली आवळून लहान करणं एवढंच त्याचं काम, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये ते असतं. फिनलंडचे लासे कॉलिन ते वर्षानुवर्षं हौसेनं, मोबदल्याशिवाय सांभाळत होते, जवळजवळ एकटेच. २०२१ च्या सुमारास जिया टॅन या नावानं कुणीतरी मदत करू लागलं. सुधारणा चांगल्या होत्या. त्याच वेळी काही अनोळखी नावांनी कॉलिन यांच्यामागे तगादा लावला, की काम झेपत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. थकलेल्या माणसानं विश्वास टाकला आणि जिया टॅनला अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या दोन आवृत्त्यांत त्यानं एक चोरदरवाजा लपवला. जगभरच्या लिनक्स सर्व्हरमध्ये परवानगीशिवाय शिरता येईल असा.

तो पकडला गेला अर्ध्या सेकंदामुळे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड आपल्या डेटाबेसचा वेग मोजत होते. लॉगिनला एरवी ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८ लागत होते. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. फ्रॉइंड खोदत गेले आणि २९ मार्चला त्यांनी सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा तोवर मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांत पोचला होता. काही महिने उशीर झाला असता तर तो जगभरच्या सर्व्हरवर गेला असता. कोड उघडा होता, म्हणून एका चौकस माणसाला तळापर्यंत जाता आलं. आणि तो सांभाळणारा एकटा होता, म्हणून चोराला आत येता आलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

पैशाचं गणित याहून विचित्र आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये हिशेब मांडला. सर्वाधिक वापरातलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर एकदा नव्यानं लिहायचं झालं, तर खर्च ४१५ कोटी डॉलर. पण ते नसतं आणि वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीला आपापलं लिहून घ्यावं लागलं असतं, तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलर. तेव्हाच्या दरानं रुपयांत सुमारे ७३० लाख कोटी. महाराष्ट्राचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. असे शंभराहून जास्त अर्थसंकल्प त्यात मावतील. आणि या मूल्यातला ९६ टक्के वाटा निव्वळ ५ टक्के प्रोग्रॅमरांच्या कामातून आलेला आहे. दुसऱ्या बाजूला हे पाहा: २०१४ मध्ये ज्याच्या त्रुटीनं जग हादरलं, त्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरवर इंटरनेटवरच्या व्यवहारांचा फार मोठा भाग विसंबून होता, आणि तोवर त्याला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २,००० डॉलर.

घरातल्या जुन्या संगणकाचा प्रश्नही इथेच येतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यामुळे २४ कोटी संगणक भंगारात जातील, असा कॅनालिस या संस्थेचा आधीचा अंदाज होता. मिटलेल्या लॅपटॉपसारखे ते एकावर एक रचले, तर थप्पी चंद्राच्या ३,४७४ किलोमीटर व्यासापेक्षाही ६०० किलोमीटरनं उंच होईल. यातल्या कितीतरी यंत्रांना काहीही झालेलं नाही. २ जीबी रॅमवरही लिनक्स मिंट चालतं, लिब्रेऑफिसमध्ये पत्र आणि हिशेब होतात, फायरफॉक्समध्ये बँक आणि वीजबिल. केरळनं २ लाख शालेय संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर नेले आणि ३,००० कोटी रुपये वाचल्याचं २०१९ मध्ये सांगितलं. फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाचे १ लाखावर संगणक उबुंटू या लिनक्सवर आहेत. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांना हे जमणार नाही, असं मला अजिबात वाटत नाही.

कपाटावर धूळ खात पडलेला लॅपटॉप असेल तर तो खाली काढा आणि त्यावर लिनक्स मिंट घालून पाहा. आणि जे रोज वापरता, त्यातलं एक निवडा. व्हीएलसी, लिब्रेऑफिस, डेबियन, कुठलंही. त्याच्या संस्थेला वर्षातून एकदा शंभर-दोनशे रुपये पाठवा. पैसे नसतील तर लिब्रेऑफिसच्या मेनूतले खटकणारे मराठी शब्द दुरुस्त करायला बसा. ते काम कुणीही करू शकतं, आणि ते करणारे मराठी हात आज फार कमी आहेत.