लेकीचा प्रोजेक्ट

लेकीला कॉलेजात प्रोजेक्ट मिळालाय, ‘इंटरनेटचा समाजावर परिणाम’. मी म्हटलं, ‘‘त्यात काय अभ्यासायचं? दिवसभर तर त्यातच असता!’’ तिनं पालघरची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्यावर एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीनं नुसतं ‘लाइक’ केलं. दोघींना अटक! मग दिल्लीची तरुणी श्रेया सिंघल सुप्रीम कोर्टात गेली. २४ मार्च २०१५ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं.

मी गप्प. गेल्याच आठवड्यात मी हिला दटावलं होतं, ‘‘असलं काही लिहू नकोस हं!’’

‘‘आई, कलम गेलं. मग तुझी भीती का नाही गेली? हेच लिहितेय मी.’’

मैत्रिणींनो, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?