ओटीवरचं पोस्ट

कागदावर अण्णांची नोकरी दिवसाला चार-पाच तासांची. खात्याच्या भाषेत ते ‘ईडी’ पोस्टमास्तर, म्हणजे अतिरिक्त विभागीय. (आज ही दोन अक्षरं ऐकली तर गावातले निम्मे ठेकेदार रानात पळतील.) पुढे त्याचं ‘ग्रामीण डाक सेवक’ झालं. नाव बदललं, अटी त्याच राहिल्या: पोटापाण्याचं दुसरं साधन हवं, राहायला गावातच हवं आणि पोस्टाला जागाही आपणच द्यायची. देशात दीड लाखाहून अधिक पोस्ट ऑफिसं आहेत, त्यांतली दहातली नऊ खेड्यापाड्यांत. अशी कितीतरी कुणाच्या ओटीवर, पडवीत नाहीतर दुकानाच्या कोपऱ्यात चालतात.

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं पोस्ट ओटीवर होतं. एक टेबल, एक लोखंडी पेटी, थैल्या, लाख आणि तारखेचा शिक्का. सकाळी आधी शिक्क्यातली तारीख बदलायची, वहीत ठसा उठवून पाहायचा, मग चहा. उंबऱ्याच्या अलीकडे सरकार, पलीकडे आईची चूल.

अण्णा 1981 साली बाविसाव्या वर्षी या टेबलाशी बसले. मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर तेव्हा आमच्याकडची घरं चालत. फॉर्मच्या तळाला निरोपापुरता एक तुकडा असे. घेणारी बाई अंगठा उठवी, साक्षीदार सही करी, आणि तो निरोप अण्णा वाचून दाखवत. त्यात काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही आणि वाचून झालं की विसरायचं. कुणाचा मुलगा पैसे कमी पाठवतो, कुणाचा नवरा तीन महिने गप्प आहे, हे सारं त्यांना ठाऊक असे. आईला मात्र ते पाणवठ्यावर कळे.

18 जानेवारी 1982ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि इकडे आमची थैली हलकी झाली. बायका पायरीवर येऊन बसत, विचारत काहीच नसत. अण्णा थैली त्यांच्यासमोर उघडत आणि शेवटी उलटी करून झटकून दाखवत. त्याच वर्षी एका काकूंनी कोंबड्या विकून मुंबईला नवऱ्याच्या नावे मनीऑर्डर केली. पाठवणाऱ्याच्या जागी गावचा पत्ता लिहिताना हात थबकला, असं अण्णा अजून सांगतात.

गावानं त्यांना पुढारी केलं ते या न बोलण्यामुळे, असं मला वाटतं. पालखी आधी कुणाच्या दारी थांबायची, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कशा लावायच्या, भावाभावांच्या बांधाचं काय, हे तंटे ओटीवर येत. निवडणुकीला ते कधी उभे राहिले नाहीत. दोन्ही बाजूंचं ऐकून ते एवढंच म्हणत, “उद्या या.” निम्मे तंटे रात्रीतच मिटत. अपरात्री कुणी दवाखान्यासाठी खात्यातले पैसे मागायला आलं तर पोस्टाची पेटी उघडत नसत. आईच्या डब्यातले देत. ते सगळे परत आले असं मी म्हणणार नाही.

2018 साली पोस्टाची पेमेंट्स बँक सुरू झाली आणि हळूहळू आमच्या ओटीवरही यंत्र आलं. शाईच्या डब्यातून गेलेला अंगठा काचेवरून परत आला. पण भातलावणीनं झिजलेली बोटं त्या यंत्राला ओळखू येत नसत. मग आई आतून ओलं फडकं आणून देई, अण्णा बोट पुसून पुन्हा टेकवायला सांगत. कधी चौथ्या खेपेला जमे, कधी नाहीच.

2024 साली पासष्ट पूर्ण झाली. सरकारी नोकरदारासारखं निवृत्तिवेतन या कामाला नसतं. ठरावीक रकमा हातात पडतात आणि हिशेब संपतो. गावानं देवळासमोर शाल-श्रीफळ दिलं. भाषणं झाली, त्यांतली दोन फार लांबली. त्रेचाळीस वर्षं दार उघडणारीचं नाव कुणाच्याच तोंडी आलं नाही. अण्णांनी घरी येऊन शाल तिच्या खांद्यावर टाकली. ती म्हणाली, “उकडतंय.”

नव्या पोस्टमास्तरीणबाई वरच्या वाडीत राहतात. पाटी, पेटी, शिक्का त्यांच्या पडवीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला एक म्हातारी सवयीनं आमच्या पायरीवर येऊन बसली, पासबुक पदरात गुंडाळलेलं. अण्णांनी खुंटीवरची छत्री काढली आणि तिला घेऊन घाटी चढायला लागले.